पाळलंय ना, मग सांभाळूया: वाळूजकरांना आवाहन



नगर रोडवर, बजाजनगरच्या चौकांत, रांजणगाव-जोगेश्वरीच्या गल्ल्यांत आपल्याला रोज कुत्री दिसतात. त्यांच्यात अधूनमधून एखादं वेगळं असतं. लॅब्राडोर, पामेरियन, नाहीतर जर्मन शेफर्ड. गळ्यात रंग उडालेला पट्टा, केसांच्या गाठी झालेल्या, कानात गोचिडांचे झुपके. त्याला कचऱ्यातून अन्न शोधता येत नाही. गल्लीतली कुत्री अंगावर आली तर पळून कुठं जायचं हेही त्याला कळत नाही. ओळखीचा वाटणारा मोटारसायकलचा आवाज आला की चार पावलं धावतं आणि पुन्हा त्याच जागी येऊन उभं राहतं. हे कुत्रं भटकं नाही. कुणाच्या तरी घरात वाढलेलं आहे आणि त्याच घरातल्या माणसांनी ते इथं आणून सोडलेलं आहे.

अशी कुत्री टाकणारी सगळी माणसं दुष्ट असतात, असं मी म्हणणार नाही. बहुतेक जण आपल्यासारखीच संसारी माणसं असतात. अडचणीत सापडतात आणि सर्वांत सोपी वाट धरतात. पण त्या अडचणी अचानक कोसळलेल्या नसतात. कुत्रं घरी आणलं त्याच दिवशी त्या दिसत होत्या, फक्त कुणी त्यांचा विचार केला नव्हता. म्हणून त्या टाळता येतात, आणि त्या टाळायचं काम आपण वाळूजकरांनी हाती घ्यावं यासाठी हे आवाहन.

पहिली अडचण घराची. वाळूज कारखान्यांमुळे वाढलं. १९८५ मध्ये बजाज ऑटोचा कारखाना इथं सुरू झाला, त्याच्यामागे सुटे भाग बनवणाऱ्या लहानमोठ्या कंपन्या आल्या आणि जालना, बीड, परभणी, हिंगोली, बुलढाण्यापासून थेट उत्तर प्रदेश-बिहारपर्यंतची माणसं कामाला आली. यातले कितीतरी जण भाड्याच्या खोल्यांत राहतात. कंत्राट संपलं, कंपनी बदलली, मुलांच्या शाळेसाठी गावी परतायचं ठरलं की खोली सोडावी लागते. नवा घरमालक म्हणतो, "कुत्रं चालणार नाही." सामानाच्या टेम्पोत भांडी, पलंग, कूलर सगळं चढतं आणि कुत्रं मागे राहतं. हे फक्त आपल्याकडेच घडतं असं नाही. अमेरिकेतल्या १२ निवारा केंद्रांचा एक अभ्यास १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. लोकांनी कुत्री आणून सोडण्याची जी कारणं सांगितली, त्यांत घर बदलणं सर्वांत वर होतं आणि घरमालकाची अडचण त्याच्या पाठोपाठ. तिथं मोठमोठी घरं असून ही गत, तर आपल्या दहा बाय दहाच्या खोलीत पिल्लू आणताना हा प्रश्न आधी विचारायला नको का?

दुसरी अडचण चुकीच्या निवडीची. २००३ मध्ये हच या मोबाईल कंपनीची पगची जाहिरात आली आणि देशभर लोकांना पग हवा झाला. त्या चपट्या नाकामुळे त्याला उन्हाळ्यात श्वास घेणं जड जातं, हे जाहिरातीत कुठून दिसणार? आता हस्कीची हौस आली आहे. सैबेरियाच्या बर्फात तगण्यासाठी अंगावर केसांचा दुहेरी थर असलेला हा प्राणी मराठवाड्यातल्या मे महिन्यात, पारा चाळिशीच्या वर असताना, पत्र्याच्या खोलीत कसा राहणार? ही पिल्लं बहुतेकदा मोबाईलवर फोटो पाहून, कुठलीही नोंदणी नसलेल्या विक्रेत्याकडून घेतली जातात. २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार कुत्र्यांची पैदास करणाऱ्यानं नोंदणी केली पाहिजे आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता कामा नये. या नियमामागे कारण आहे. आई आणि भावंडांसोबत खेळतानाच पिल्लू किती जोरात चावायचं नाही ते शिकतं. महिन्याभराचं पिल्लू आईपासून तोडलं की ते शिक्षण अर्धवट राहतं. मग सहा-आठ महिन्यांचं झाल्यावर ते चपला कुरतडतं, पट्टा ओढतं, मुलांना दात लावतं आणि घरात बोलणं सुरू होतं, "हे काही शिकणारं नाही, सोडून या कुठंतरी." ते शिकणारं असतं. त्याला शिकवायला घरात कुणी वेळ काढलेला नसतो.

तिसरी अडचण आपल्या औद्योगिक वसाहतीतली. गोदामाच्या, बांधकामाच्या, रिकाम्या प्लॉटच्या राखणीसाठी पिल्लू आणलं जातं आणि गेटजवळ साखळीनं बांधून ठेवलं जातं. सुरक्षारक्षकांचा ठेका बदलतो, शेडला कुलूप लागतं, बांधकाम संपतं. त्या कुत्र्याचा मालक कोण, हे मग कुणालाच सांगता येत नाही. कायम बांधून ठेवलेल्या कुत्र्याला न फिरवणं हासुद्धा कायद्यानं गुन्हा आहे, हे गेटवरच्या माणसाला कुणी सांगितलेलंच नसतं.

चौथी अडचण मादीची. ती माजावर आली की दारात नरांची गर्दी होते आणि पुढं जेमतेम ६३ दिवसांत पाच-सहा पिल्लं होतात. वेळेत नसबंदीची शस्त्रक्रिया केली नाही म्हणून हे घडलं, हे कुणी मान्य करत नाही. पिल्लं पोत्यात भरून गावाबाहेर जातात, कधी कधी त्यांच्यासोबत आईसुद्धा. आणि पाचवी अडचण आजारपणाची, म्हातारपणाची. गोचीडतापाचे उपचार, पार्वो झालेल्या पिल्लाची सलाईन, दहा वर्षांच्या कुत्र्याचे धरलेले सांधे, सगळ्याला पैसा लागतो. आपला कुत्रा दहा-बारा वर्षं जगणार आहे, हा हिशेब पिल्लू आणताना किती घरांत मांडला जातो?

"मग शेल्टरमध्ये द्यावं ना," असं सहज म्हटलं जातं. निवारा केंद्र म्हणजे सोडून दिलेल्यांची सोय, असा समज पसरला आहे. या केंद्रांतले कार्यकर्ते आणि डॉक्टर जिवापाड कष्ट करतात, पण त्यांची जागा मुळात अपघातग्रस्त, आजारी, जखमी जनावरांसाठी असते. घरात सोफ्याखाली झोपलेलं कुत्रं पिंजऱ्यांच्या रांगेत गेलं की कित्येकदा खाणं सोडतं. गर्दीच्या जागी पार्वो आणि डिस्टेंपरसारखे संसर्गजन्य आजार झपाट्यानं पसरतात. २०२५ मध्ये ११ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयानं दिल्ली परिसरातली भटकी कुत्री निवाऱ्यात नेण्याचा आदेश दिला, २२ ऑगस्टला तो बदलून निर्बीजीकरण आणि लसीकरणानंतर कुत्री मूळ जागी सोडण्यास सांगितलं. नोव्हेंबरमध्ये शाळा, रुग्णालयं, बसस्थानकं, रेल्वे स्थानकं अशा आवारांतली कुत्री हलवून निवाऱ्यात ठेवण्याचा आदेश देशभरासाठी आला. म्हणजे निवाऱ्यांतल्या प्रत्येक जागेवरचा ताण आणखी वाढणार. तिथं आपण हौसेनं आणलेलं कुत्रं पाठवलं, तर ज्याला खरोखर कुणी नाही अशा एखाद्या जनावराची जागा आपण अडवतो.

कायदा काय सांगतो, तेही पाहा. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ नुसार उपासमार किंवा तहान सोसावी लागेल अशा रीतीनं जनावर टाकून देणं गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याचा दंड मात्र १० ते ५० रुपये. कित्येक दशकं हाच आकडा आहे. २०२२ मध्ये केंद्रानं दंड वाढवण्याचा मसुदा लोकांच्या हरकतींसाठी प्रसिद्ध केला, पण त्याचा कायदा झाला नाही. पन्नास रुपयांच्या धाकानं कुणी थांबणार नाही. थांबवू शकतो तो शेजारी, घरमालक, गाव.

काही जण विचारतील, "इथं माणसांचे प्रश्न सुटेनात, कुत्र्यांचं काय घेऊन बसलात?" हा प्रश्न माणसांचाच आहे. टाकलेलं, नसबंदी न झालेलं प्रत्येक कुत्रं गल्लीतल्या कुत्र्यांची संख्या वाढवतं. लस न दिलेलं कुत्रं रेबीजच्या साखळीतला दुवा होऊ शकतं, आणि रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर माणसाचा जीव वाचणं जवळपास अशक्य असतं. रात्री सेकंड शिफ्ट सुटल्यावर पायी किंवा सायकलनं खोलीवर परतणारा कामगार या सगळ्याची किंमत मोजतो. चावा घेतला की इंजेक्शनांसाठी दवाखान्याचे हेलपाटे आणि हजेरी बुडते ती वेगळीच. पाळीव कुत्र्यांची जबाबदारी आपण नीट घेतली, तर रस्ते माणसांसाठीही सुरक्षित होतील.

आणि ही जबाबदारी आपल्या मातीला परकी नाही. आषाढीला शहरातून लाखो पावलं आपल्या वाळूजच्या छोट्या पंढरपूरकडे चालत येतात. ज्या विठ्ठलासाठी ती येतात, त्याच्या लाडक्या नामदेवांची कथा आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकली आहे. कुत्र्यानं पोळी पळवली तेव्हा कोरडी पोळी त्याच्या घशाला लागेल म्हणून नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. नामदेव नरसीचे, म्हणजे आपल्या मराठवाड्याचे. तहानलेल्या गाढवाला कावडीतलं गंगाजल पाजणारे एकनाथ आपल्याच जिल्ह्यातल्या पैठणचे. जवळच्याच सातारा गावातल्या खंडोबाला आपण जातो, त्या खंडोबाच्या सोबतही कुत्रा असतो. इतका वारसा सांगणाऱ्या गावानं एक मुका जीव हायवेच्या कडेला सोडून द्यावा, हे आपल्याला शोभत नाही.

म्हणून प्रत्येकाला थेट विनंती.

पिल्लू आणू पाहणाऱ्या कुटुंबांनो, आधी घरमालकाची परवानगी घ्या. दिवसातून दोनदा फिरवायला कोण नेणार, गावी गेल्यावर कोण सांभाळणार, लसीचा आणि डॉक्टरांचा खर्च कोण करणार, हे घरातल्या सगळ्यांनी बसून ठरवा. उत्तरं सापडली नाहीत तर पिल्लू आणू नका. न आणणं हीही दयाच आहे. आणायचंच असेल तर गावठी पिल्लू आणा. आपलं ऊन, आपली भाकरी त्याला सोसते आणि राखणीत ते कुणाला हार जात नाही.

ज्यांच्या घरी कुत्रं आहे त्यांनी रेबीजची लस दरवर्षी द्यावी आणि नसबंदी करून घ्यावी. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी पाळीव प्राण्याच्या लसीकरणाची आणि निर्बीजीकरणाची जबाबदारी मालकावर टाकली आहे. पट्ट्यावर आपला मोबाईल नंबर लिहा. घर बदलायची वेळ आली तर दोन-तीन महिने आधीपासून कुत्र्यासाठी नवं घर शोधा, नातेवाईकांना विचारा, गल्लीतल्या ग्रुपवर फोटो टाका, डॉक्टरांना सांगा. ज्याला द्याल त्याच्या घरी स्वतः जाऊन पाहा.

घरमालकांनो, सरसकट नकार देण्याऐवजी अटी घाला. लसीचं कार्ड दाखवावं, नसबंदी केलेली असावी, घाण मालकानं उचलावी, नुकसानीपोटी थोडं डिपॉझिट जास्त. अशी एक ओळ करारात आली, तर तुमची खोलीही नीट राहील आणि एका कुटुंबाला आपलं कुत्रं रस्त्यावर सोडावं लागणार नाही.

कंपन्यांनो, कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ठराविक नफा किंवा उलाढाल असलेल्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात, आणि त्या कामांच्या यादीत प्राणी कल्याणाचा स्पष्ट उल्लेख आहे. वाळूज परिसरासाठी निर्बीजीकरणाचं एक कायमचं केंद्र आणि लसीकरणाची फिरती गाडी उभी करायला यातला छोटा हिस्साही पुरेल. आपल्या गेटवरच्या कुत्र्याची नोंद ठेवा आणि सुरक्षेचा ठेका बदलताना त्याची जबाबदारी कुणाकडे, हे कागदावर लिहा.

ग्रामपंचायतींना, सिडकोला आणि एमआयडीसीला विनंती आहे की हद्दीचा वाद बाजूला ठेवा. कुत्र्याला वडगाव कोल्हाटी कुठं संपतं आणि बजाजनगर कुठं सुरू होतं हे ठाऊक नसतं. पाळीव कुत्र्यांची साधी नोंदवही ठेवा, वर्षातून दोन लसीकरण शिबिरं घ्या. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची जिल्हा प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटी आहे, तिच्याकडे वाळूजचा प्रश्न लेखी मांडा.

गणेश मंडळांनो, तरुणांनो, तुमच्याकडे माणसं आहेत आणि फोन आहेत. पट्टा असलेलं कुत्रं एकटं दिसलं तर पाणी द्या, सावलीत बांधा, फोटो फिरवा, मालक शोधा. मालक सापडला नाही तर नवं घर मिळेपर्यंत आठवडाभर सांभाळायला तयार असलेल्या घरांची यादी प्रत्येक गल्लीत करा. दहा घरांनी आळीपाळीनं सांभाळ केला, तर कितीतरी कुत्र्यांना निवाऱ्याची पायरी चढावीच लागणार नाही.

येत्या ग्रामसभेत एक ठराव मांडूया: आपल्या हद्दीत पाळीव कुत्रं सोडून देणाऱ्याची तक्रार गाव स्वतः करील, आणि अडचणीतल्या मालकाला गाव मदतही करील. या ठरावाला हात वर करायला या, शेजाऱ्याला सोबत आणा. आणि तुमच्या घरात आज एखादं कुत्रं असेल, तर त्याच्या लसीचं कार्ड आजच काढून तारीख पाहा. वाळूजचं काम तिथूनच सुरू होतं.