ट्यूबचं झालं ते गोळीचं नको

माझे वडील एसटीत कंडक्टर होते. बार्शी डेपो. एप्रिलच्या उन्हातही ते खाकी शर्टाच्या बाह्या मनगटापर्यंत सोडून बटणं लावायचे. कोपरांवर, गुडघ्यांवर, डोक्यात सोरायसिसचे चट्टे होते. शेवटच्या काही वर्षांत तळहातही फुटले. काही प्रवासी त्यांच्या हातून सुट्टे पैसे घेत नसत. ‘तिथं सीटवर ठेवा’ म्हणत. रात्री ते घरी आले की आई शर्ट घेऊन परसात जायची आणि झटकायची. खांद्यावरचा कोंडा शेजाऱ्यांना दिसू नये म्हणून.

हा आजार शिवल्यानं लागत नाही, हे त्या प्रवाशांना कुणी सांगितलं नव्हतं. वडिलांना मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या होत्या, आठवड्यातून एकदा, रविवारी. आई भिंतीवरच्या कालनिर्णयवर दर रविवारी फुली मारायची. ही गोळी चुकून रोज घेतली तर माणूस दगावू शकतो, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं. चौथी शिकलेली बाई, पण औषधाचा धाक तिला कळत होता. त्या फुल्या मला आजकाल वारंवार आठवतात.

मी त्वचारोगतज्ज्ञ झाले, आणि बावीस वर्षं तालुक्याच्या गावात दवाखाना चालवते. वडिलांच्या वेळी सोरायसिस म्हणजे कातडीचं दुखणं, एवढीच समजूत होती. आता कळतं की कातडी फक्त हुकूम पाळते. रोगप्रतिकारक पेशी कातडीच्या पेशींना रसायनांतून निरोप धाडत असतात. सोरायसिसमध्ये इंटरल्यूकिन-२३ आणि इंटरल्यूकिन-१७ या निरोपांचा मारा थांबतच नाही. एरवी तळातली पेशी वर येऊन गळायला महिनाभर घेते. इथं तीच वाट चार-पाच दिवसांत उरकते. अर्धवट पिकलेल्या त्या पेशींचे पापुद्रे होतात. आई झटकायची तो कोंडा हाच.

निरोप पेशीच्या दाराशी येतो. तिथून आत नेण्याचं काम बऱ्याच निरोपांच्या बाबतीत ‘जॅक’ घराण्यातली प्रथिनं करतात. ती चारच आहेत: जॅक-१, जॅक-२, जॅक-३ आणि टिक-२. जोडीनं काम करतात आणि ‘स्टॅट’ नावाच्या प्रथिनावर फॉस्फेटचा शिक्का मारतात. शिक्का बसलेलं स्टॅट थेट केंद्रकात शिरतं आणि जनुकं चालू करतं. टोफासिटिनिब ही गोळी शिक्का मारणारा हातच धरते. म्हणून तिचा पल्ला मोठा आहे. रात्र रात्र अंग ओरबाडणारं इसबाचं पोर शांत झोपलेलं मी पाहिलं आहे. चाई पडलेल्या डोक्यावर केस आलेले पाहिले आहेत, कोडाच्या चट्ट्यात रंग परतलेला पाहिला आहे. महागडी इंजेक्शनं ज्यांच्या आवाक्यात कधीच येणार नाहीत, त्यांच्यासाठी भारतीय कंपन्यांनी काढलेली ही गोळी मोठा आधार आहे. मी स्वतः ती लिहून देते.

पण त्याच चार हातांवर शरीराची इतरही कामं अवलंबून आहेत. क्षयाच्या जंतूला कोंडून ठेवायचा हुकूम, इंटरफेरॉन-गॅमाचा निरोप, जॅकच्याच हातून जातो. रक्तपेशी बनवण्याचा निरोप जॅक-२ नेतं. हात धरला की ही कामंही मंदावतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं टोफासिटिनिबला २०१२मध्ये संधिवातासाठी परवानगी दिली, सोरायसिसच्या चट्ट्यांसाठी मात्र २०१५मध्ये नाकारली. २०२१मध्ये हृदयविकार, रक्ताच्या गुठळ्या आणि कर्करोगाचा सर्वांत कडक इशारा छापायला लावला. तो ज्या अभ्यासावरून आला, त्यातले रुग्ण पन्नाशी गाठलेले, हृदयविकाराचा धोका असलेले संधिवाताचे होते. कोड असलेल्या विशीतल्या मुलीला तो जसाच्या तसा लागू करता येत नाही, हे मान्य. पण ज्या देशात जगातले सर्वाधिक क्षयरुग्ण आहेत, तिथं ही गोळी तपासणीशिवाय सुरू करणं मला अक्षम्य वाटतं.

गेल्या पावसाळ्यात सव्वीस वर्षांचा एक मुलगा आला. कारखान्यावर ऊस वाहणारा ट्रॅक्टर चालवतो. कुठं तरी एकदा दाखवलं होतं, चिठ्ठी एका महिन्याची होती. त्याच चिठ्ठीवर तो आठ महिने गोळ्या घेत राहिला; दुकानदारानं तारीख पाहिली नाही. चट्टे गेले, लग्न ठरलं. मग खोकला, संध्याकाळचा ताप, वजन उतरलेलं. फुफ्फुसाचा क्षय निघाला. आधीपासून दडलेला होता की नंतर लागला, कुणीच सांगू शकणार नाही, कारण गोळी सुरू करताना छातीचा साधा एक्स-रेसुद्धा झाला नव्हता.

हे सगळं आपण एकदा भोगून चुकलो आहोत. स्टिरॉइड मिसळलेल्या ट्यूबा आपण गजकर्णावर, मुरुमांवर, गोरेपणासाठीसुद्धा वर्षानुवर्षं वापरू दिल्या. ट्यूब लावली की गजकर्ण वरवर निवतं आणि आत पसरत राहतं. चेहऱ्याची कातडी कागदासारखी पातळ होते आणि ट्यूब थांबवली की चेहऱ्याची आग आग होते. देशातल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेनं वर्षानुवर्षं ओरड केली, तेव्हा कुठे २०१८मध्ये केंद्र सरकारनं १४ स्टिरॉइडच्या मलमांना असलेली सूट काढून ती चिठ्ठीच्या औषधांत आणली. आजही माझ्याकडे येणाऱ्या बायकांच्या पर्समधून तीच ट्यूब निघते. मलम निदान कातडीला लावलं जातं. गोळी थेट रक्तात जाते.

काही सहकारी म्हणतात, लोकांना घाबरवू नका, घाबरले तर ते भोंदूकडे जातील. त्यांची काळजी खरी आहे. पण मला गोळी बंद करायची नाही, उलट ती गरिबापर्यंत पोचायला हवी आहे. उपजिल्हा रुग्णालयात ती मिळावी आणि तिच्याआधीच्या तपासण्या तिथंच फुकट व्हाव्यात. तीस किलोमीटरवर एक्स-रे आणि पन्नासवर रक्ततपासणी अशी पायपीट असेल, तर मजूर माणूस तपासणी टाळणारच. अन्न व औषध प्रशासनानं औषध दुकानांतल्या या गोळीच्या नोंदी आताच तपासाव्यात. त्यासाठी आणखी दहा वर्षं आणि हजारो बिघडलेल्या फुफ्फुसांची वाट पाहू नये. अधिक नेमकी औषधंही येत आहेत. अमेरिकेत २०२२मध्ये सोरायसिससाठी मंजूर झालेलं ड्यूक्रावासिटिनिब मुख्यतः एकट्या टिक-२ला धरतं आणि त्यावर तो कडक इशारा नाही. ती आपल्याकडे रुळेपर्यंत हातात असलेली गोळी नीट वापरायला शिकलं पाहिजे.

तुमच्या घरात कुणाला ही गोळी सुरू होणार असेल, तर आधी छातीचा एक्स-रे, क्षयाची चाचणी, ब आणि क काविळीची तपासणी, रक्तपेशी आणि कोलेस्टेरॉल यांची तपासणी करून घ्या. गोळी चालू असताना डॉक्टर सांगतील तेव्हा रक्त पुन्हा तपासा. आणि जुन्या चिठ्ठीवर दुकानदार देत असला, तरी घेऊ नका.