वीतभर दोरा

मुलगी लग्न होऊन लंडनला गेली, त्या रात्री मी आमच्या हिची समजूत घालायला बसलो. म्हटले, "अगं, लंडन म्हणजे विमानाने नऊ-दहा तास. आपली नागपूरची गाडी याहून जास्त वेळ घेते!"

"नागपूरला मी वाटेल तेव्हा जाऊ शकते. व्हिसा लागत नाही." ही म्हणाली.

हा मुद्दा मला सुचला नव्हता. मग मी कपाटावरचा जुना पृथ्वीचा गोल काढला आणि शिवणाच्या डब्यातला दोरा घेऊन मुंबई-लंडन ताणून धरला. हिच्या मामांनी बोटीने जो रस्ता धरला होता, तो सुएझचा. दोरा तिकडे फिरकलाच नाही. इराण, कॅस्पियन समुद्र, युक्रेन, जर्मनी असा वरच्या अंगाने गेला. सपाट नकाशावरची सरळ रेघ आणि गोल पृथ्वीवरची जवळची वाट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर. गोलावर पुरते वीतभरही नाही.

८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचे 'मलबार प्रिन्सेस' मुंबईहून लंडनला प्रथम निघाले, ते कैरो व जिनिव्हा असे मुक्काम घेत. आता मध्ये उतरावे लागत नाही. पण दोऱ्यासारखे सरळही जाता येतेच असे नाही. २०१९ साली फेब्रुवारीअखेर पाकिस्तानने आपले आकाश बंद केले, ते जुलैत उघडले. २०२२ पासून युक्रेनवरची वाट गेली. भांडण खाली जमिनीवर, वळसा वर आमच्या पोरीला!

शिवाय जायला वेळ जास्त, यायला कमी. पृथ्वी फिरते म्हणून असे होते, ही समजूत चुकीची. फिरताना ती हवेलाही बरोबर घेऊनच फिरते. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात, त्यांचा हा प्रताप. हे ऐकून ही म्हणाली, "माहेरी येताना वारा पाठीशी असायचाच."

गेल्या जानेवारीत ही न्हाणीघरात घसरली. खुब्याचे हाड मोडले. ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला ठरले. रात्री आठला मी लंडनला फोन लावला. तिकडे दुपारचे अडीच. मुलीला रात्री साडेनऊचे विमान मिळाले.

"बाबा, पावणेनऊ तास फक्त!"

मी बोटे मोजली. घड्याळातले साडेपाच तास मध्येच गडप होतात. विमान इकडे टेकणार पावणेबाराला.

हिने डॉक्टरांना स्वतःच विचारले, "दुपारी नाही का करता येणार?" त्यांनी यादी पाहिली, दुसऱ्या एका रोग्याला पुढे घेतले आणि दोनची वेळ दिली.

विमान वेळेवर उतरले. पण विमानतळ ते दादर टॅक्सीला तासावर लागला. तेवढ्या वेळात विमान आठशे-नऊशे किलोमीटर तोडते! मी दवाखान्याच्या जिन्यात उभा. दोनला दहा मिनिटे असताना ती धापा टाकीत वर आली. हिला नुकतेच खोलीबाहेर काढले होते.

हिने तिचा हात धरला, नीट निरखून पाहिले आणि विचारले, "विमानात काही खाल्लेस का ग?"