ठोकायचा की टाकायचा?

माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. त्यामुळे मराठी विभागासाठी लेख मागितला गेला तेव्हा आधी ऱ्हस्व-दीर्घाचीच धास्ती वाटली. विषय मात्र तयार होता, कारण गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी पप्पांची गाडी ठोकली!

मिरा रोडला आमच्या बिल्डिंगचं पार्किंग खाली खांबांच्या मधोमध आहे. गाडी बाहेर काढताना मी स्टिअरिंग जरा लवकर डावीकडे वळवलं आणि मागची डावी बाजू खांबाला घासत आत दबली. घाबरून रिव्हर्स टाकला, तर पुढचा उजवा फेंडर पलीकडच्या खांबावर. एका मिनिटात दोन खांब, दोन पोचे. पप्पा ओरडले नाहीत. फक्त म्हणाले, "इंजिनिअर होणार ना तू? मग आता काय करायचं ते तूच ठरव." ओरडले असते तर बरं झालं असतं.

आधी मोठ्या वर्कशॉपमध्ये गेलो. तिथल्या माणसाने मोबाईलवर चार फोटो काढले आणि निकाल दिला, "दोन्ही पॅनल बदलावे लागतील. इन्शुरन्समध्ये बसेल." पत्र्याला त्याने हातसुद्धा लावला नाही. मग पप्पा मला काशिमिऱ्याला हायवेजवळ एका डेंटरकडे घेऊन गेले. सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांनी डोळे मिटून पोच्यावरून बोटं फिरवली, डिकीच्या आतलं अस्तर काढून पत्रा मागून पाहिला, फेंडरची कड चाचपली आणि म्हणाले, "बेटी, आगे का नया डाल दो. पीछे का काटने मत देना."

मी चक्रावले. पुढचा पोचा वाटीएवढा आणि मागचा चांगला ताटाएवढा. मग छोटा बदलायचा आणि मोठा ठोकायचा? हे तर उलटंच झालं!

पण उलटं नव्हतं. फेंडरचा मार नेमका चाकावरच्या दुमडलेल्या कडेवर बसला होता आणि तिथे पत्रा फाटला होता. पत्र्याला ताकद त्या दुमडीमुळेच येते. ती फाटली की सरळ करून, वेल्ड करून तिथे पूर्वीसारखा भरवसा राहत नाही. शिवाय फेंडर बोल्टांवर बसवलेला असतो. काढला, दुसरा लावला, रंगवला, संपलं. मागचा क्वार्टर पॅनल मात्र बोल्टांवर नसतो, तो गाडीच्या सांगाड्याला स्पॉट वेल्डने जोडलेला असतो. तो बदलायचा म्हणजे वेल्ड ड्रिलने फोडायचे, पत्रा कापायचा, नवीन वेल्ड करायचा. कारखान्यात संपूर्ण बॉडी प्रायमरच्या टाकीत बुडवून, विजेच्या साहाय्याने थर चढवून भट्टीत भाजतात. तो थर नवीन वेल्डजवळ जळतो, आणि गॅरेजमध्ये पूर्ण गाडी बुडवायची टाकी कुठून आणणार?

आपल्याकडे तर हा मुद्दा जास्तच महत्त्वाचा. भाईंदर एके काळी मिठागरांसाठी ओळखलं जायचं. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला उत्तनचा समुद्र. खारी हवा आणि चार महिने पाऊस असताना उघड्या पडलेल्या लोखंडाचं काय होतं ते आमच्या गॅलरीचे गज बघून कळतं.

आता जरा थिअरी, कारण सबमिशनची सवय जात नाही! स्ट्रेस-स्ट्रेन कर्व्ह आपण सगळ्यांनी काढलाय. यील्ड पॉइंटच्या आत पत्रा वाकला तर परत येतो, पलीकडे गेला तर वाकलेलाच राहतो. माझ्या ताटाएवढ्या पोच्यात खरोखर यील्ड झालेला भाग म्हणजे फक्त एक वीतभर घडी होती. बाकीचा पत्रा तसा निरोगीच होता, पण त्या घडीने त्याला अडकवून ठेवलं होतं. चाचांनी आतून डॉली धरली आणि बाहेरून घडीच्या कडेने हलक्या हाताने हातोडी चालवली. घडी सुटत गेली तसा बाजूचा पत्रा 'टक्' करून स्वतःच जागेवर आला. कर्व्हवरची इलॅस्टिक रिकव्हरी मी पहिल्यांदा कानांनी ऐकली! दुसऱ्या कुणी मधोमध दणादण हाणलं असतं तर पत्रा ताणला गेला असता आणि नंतर डब्याच्या झाकणासारखा डबक-डबक करत राहिला असता.

म्हणून माझं मत असं की पोचा किती मोठा आहे हा पहिला प्रश्नच नव्हे. आधी विचारावं की घडी किती तीव्र आहे, कड फाटली आहे का, पॅनल बोल्टांवर आहे की वेल्डवर, आणि रंग तुटला आहे का. रंग शाबूत असेल तर पुष्कळदा आतून दाब देऊन, न रंगवताही पोचा निघतो.

याचा अर्थ जे ते ठोकत सुटावं असं मी म्हणत नाही. दरवाज्यांमधले पिलर किंवा दाराखालचा पट्टा दबला असेल तर तिथे काटकसर नको. तो भाग जीव वाचवण्यासाठी असतो, तिथलं स्टील बहुधा जास्त ताकदीचं असतं आणि तापवलं तर त्याची ताकद जाते. आणि ठोकण्याच्या नावाखाली नुसती लांबी थापणारेही आहेतच. जाड थराला पुढे तडे जातात, पाणी शिरतं आणि आत गंज वाढतो. साधा लोहचुंबक फिरवून बघा. लांबीच्या जाड थरावर तो चिकटत नाही.

"इन्शुरन्समध्ये बसेल" हे वाक्यही तपासून घ्यावं. आपल्याकडे साध्या पॉलिसीत धातूच्या भागांवर वयानुसार घसारा कापतात. पाच ते दहा वर्षांच्या गाडीला तो ४० टक्के असतो. आमची गाडी सहा वर्षांची. म्हणजे समजा ५,००० रुपयांचा पार्ट असेल तर २,००० आपलेच. वर १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला दर क्लेमला १,००० रुपये सक्तीने आपण भरायचे. आणि पाच वर्षं क्लेम न केल्यामुळे मिळणारा ५० टक्के नो क्लेम बोनस, वेगळं कव्हर नसेल तर, जातो तो जातोच. फुकट काही नसतं. आम्ही क्लेम केलाच नाही.

यात बाजाराचाही हात आहे. ऑगस्ट २०१४ मध्ये कॉम्पिटिशन कमिशनने १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. बाहेरच्या गॅरेजना सुटे भाग आणि तांत्रिक माहिती सहज मिळू देत नाहीत, हे त्यामागचं एक प्रमुख कारण होतं. पुढे अपिलं झाली. २०२२ मध्ये केंद्र सरकारने 'राइट टू रिपेअर'साठी समिती नेमली, तिच्या यादीतही वाहनं आहेत. पण दुरुस्तीचा हक्क कागदावर मिळाला आणि दुरुस्त करणारे हातच उरले नाहीत तर? चाचांचा मुलगा या धंद्यात नाही. "इसमें अब इज्जत नहीं," एवढंच ते म्हणाले. ते ऐकून मला जास्त वाईट वाटलं, कारण पहिल्या वर्षी शीट मेटल शॉपमध्ये मीही तो पत्र्याचा ट्रे दुसऱ्याकडून करून घेऊन फक्त मार्क्स घेतले होते.

म्हणून सरांना आणि मॅडमना एक विनंती. भंगारातून एक जुना दरवाजा आणा, एखाद्या डेंटरला मानधन देऊन एका शनिवारी वर्कशॉपमध्ये बोलवा आणि आम्हाला त्यांच्या हाताखाली उभं करा. जर्नलमध्ये न लिहिता येणारं पुष्कळ शिकू.

गाडी आता ठीक आहे. उन्हात तिरकं पाहिलं तर मागच्या पत्र्यावर अजून किंचित लाट दिसते. पप्पांना ती दिसत नाही, किंवा दिसते पण ते बोलत नाहीत. मागच्या रविवारी त्यांनी न मागता चावी माझ्या हातात दिली. पार्किंगमधून गाडी बाहेर काढायला मला चार मिनिटं लागली.