अंक काढणे आणि अंक चालवणे

मराठी मुसलमानांत अंक काढणाऱ्यांची वाण कधीच नव्हती. वाण आहे ती अंक चालवणाऱ्यांची. प्रकाशन समारंभ होतो, हार-तुरे होतात, मान्यवर भाषणे करतात, पहिला अंक हातोहात जातो. दुसरा अंक सहा महिन्यांनी येतो आणि तिसऱ्याची वाट पाहणारे कंटाळून विसरून जातात. पूर्वी हे कागदावर होत असे, आता इंटरनेटवर होते. फरक एवढाच की कागदी अंकाची एखादी प्रत कुणाच्या तरी पेटीत सापडते. इंटरनेटवरचा अंक बंद पडला की तो कुठेच उरत नाही.

आम्ही वाघोलीतली काही माणसे असेच एक छोटे मराठी नियतकालिक इंटरनेटवर चालवतो. या कामाबद्दल समाजात जे बोलले जाते त्यातले बरेचसे आम्हाला मान्य नाही. ते का मान्य नाही हे एकदा स्पष्ट सांगायला हवे.

पहिला आक्षेप असा की, आता व्हॉट्सॲप असताना नियतकालिक हवे कशाला? सकाळी लिहिले, दुपारपर्यंत हजार माणसांनी वाचले. हे खरे आहे. पण संध्याकाळपर्यंत ते हजार माणसे विसरली, हेही तितकेच खरे आहे. लेखकाचे नाव गळून पडते, मजकुरात कुणीतरी दोन ओळी घुसडतो, तारीख नाहीशी होते आणि चार वर्षांनी तोच मजकूर कालचा म्हणून पुन्हा फिरतो. शिवाय जागा परक्याची. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले. त्याआधी २००९ मध्ये याहूने जिओसिटीज बंद केले. लाखो माणसांनी तिथे मांडलेला संसार मालकाच्या एका निर्णयाने मोडला. भाड्याच्या खोलीत पाहुणे बोलवायला हरकत नाही, पण घराण्याचे दस्तऐवज तिथे ठेवू नयेत. जे लिहिणे टिकावे असे वाटते त्याला स्वतःचा पत्ता हवा. फेसबुक, व्हॉट्सॲपने त्या पत्त्याकडे वाट दाखवावी, इतपतच त्यांचे काम.

दुसरा आक्षेप पैशाचा. 'समाज गरीब आहे, पैसा कुठून आणणार?' समाज गरीब आहे, हे सच्चर समितीने २००६ साली सांगितले आणि महमूद-उर-रहमान समितीने २०१३ साली महाराष्ट्रापुरते पुन्हा सांगितले. ते आम्ही नाकारत नाही. पण छोट्या नियतकालिकाचा इंटरनेटवरचा वार्षिक खर्च काही हजारांत भागतो. वलीम्यातली एक पंगत यापेक्षा महाग पडते. नेत्यांच्या वाढदिवसाचे फलक चौकाचौकात लावणाऱ्या समाजाने पैशाचे कारण सांगू नये. तुटवडा आहे तो दर आठवड्याला दोन-चार तास शांतपणे बसून मजकूर तपासणाऱ्या माणसांचा. त्या कामाला ना हार मिळतो, ना स्टेजवर खुर्ची.

वाघोलीवरून जाणारा नगर रस्ता पुढे नेवाशाच्या बाजूला जातो. त्या तालुक्यातल्या तरवडी या खेड्यातून मुकुंदराव पाटलांनी 'दीनमित्र' चालवले. १९१० साली सुरू झालेले हे पत्र १९६७ पर्यंत निघत राहिले. गावात सोयी नव्हत्या आणि वाचक बहुतांश शेतकरी. त्यांचे वडील कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली पुण्यात 'दीनबंधू' सुरू केले होते. म्हणजे दोन पिढ्यांचा हा वारसा. डॉ. आंबेडकरांनी १९२० साली 'मूकनायक' आणि १९२७ साली 'बहिष्कृत भारत' काढले. 'बहिष्कृत भारत'चे रकानेच्या रकाने त्यांना एकट्याने भरावे लागत. ती पत्रे अल्पजीवी ठरली, पण अंक जपले गेले. म्हणूनच १९९० साली महाराष्ट्र शासनाला ते ग्रंथरूपाने छापता आले. औरंगाबादेतून गंगाधर पानतावणे यांनी 'अस्मितादर्श' दशकानुदशके चालवले आणि त्या पानांवर दलित लेखकांच्या पिढ्या घडल्या. यातले कोणीही श्रीमंत नव्हते. बहुजन चळवळीने हे केले असेल तर आम्हाला न जमायला कारण काय?

आमच्याकडे सांगण्यासारखे काही नाही, असेही नाही. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी सतराव्या शतकात 'योगसंग्राम' लिहिला. शाहीर अमर शेखांचा आवाज संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात गावोगाव घुमला. हमीद दलवाईंनी २२ मार्च १९७० रोजी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले. त्यांच्याशी ज्यांचे मतभेद आहेत त्यांनाही मंडळाच्या पत्रिकेचे महत्त्व नाकारता येणार नाही. १९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. प्रा. फकरुद्दीन बेन्नूर २०१८ पर्यंत लिहीत राहिले. अलीकडे 'डेक्कन क्वेस्ट'सारख्या मराठी संकेतस्थळाने दखनी मुसलमानांच्या इतिहासावर इंटरनेटवर गांभीर्याने लिहिता येते हे दाखवून दिले. प्रश्न असा की संमेलनांच्या स्मरणिका, अध्यक्षीय भाषणे, जिल्ह्याजिल्ह्यांतून निघालेले छोटे अंक यांपैकी किती आज एखाद्या विद्यार्थिनीला घरबसल्या वाचता येतात? आमच्याविषयी आयोगांनी लिहिलेले मिळते, पोलिसांनी लिहिलेले मिळते. आम्ही स्वतः लिहिलेले शोधावे लागते. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राच्या लोकसंख्येत साडेअकरा टक्के असलेल्या समाजाची ही अवस्था बरी नव्हे.

तिसरा आक्षेप भाषेचा. 'मराठीत कशाला? उर्दूत काढा, नाहीतर इंग्रजीत.' उर्दूवर आमचे प्रेम आहे आणि घरात आम्ही दखनी बोलतो. पण आमची मुले मराठी शाळेत शिकतात, सात-बारा मराठीत असतो, तलाठ्याशी आणि वॉर्ड ऑफिसशी भांडण मराठीत होते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला. त्या भाषेत आमचाही वाटा आहे असे नुसते भाषणात म्हणून चालत नाही, लिहून दाखवावे लागते. आणि शेजाऱ्याने आम्हाला समजून घ्यावे असे वाटत असेल तर शेजाऱ्याला वाचता येईल अशा भाषेतच लिहिले पाहिजे.

आता लिहायचे काय? इथे आमचे संपादकांशी भांडण आहे. आमच्या अंकांत एक तर ईदच्या शुभेच्छा असतात किंवा कुणीतरी केलेल्या आरोपांना उत्तरे असतात. आरोपकर्त्याने विषय ठरवायचा आणि आम्ही जन्मभर खुलासे करायचे, हा धंदा बंद झाला पाहिजे. वाघोलीचेच घ्या. ३० जून २०२१ रोजी तेवीस गावे पुणे महापालिकेत गेली, त्यात वाघोली होती. ग्रामपंचायत गेली, पण टँकर गेले नाहीत. नगर रस्त्यावर दोन-दोन तास अडकणारे कामगार, मराठवाड्यातून येऊन भाड्याने राहणारी कुटुंबे, दगडखाणीत उमेदी घालवलेली माणसे, घर भाड्याने देताना विचारले जाणारे आडनाव, दफनभूमीच्या जागेचा प्रश्न, शाळा सोडणाऱ्या मुली: हा आमचा मजकूर आहे. तो आम्ही लिहिला नाही तर कुणीही लिहिणार नाही. आणि तो लिहिताना आपल्याच जमातीतल्या हिशेब न दाखवणाऱ्यांना आणि बायकांना बोलू न देणाऱ्यांना वगळून चालणार नाही. जो अंक आपल्या माणसांना प्रश्न विचारत नाही त्याने दुसऱ्यांना विचारलेल्या प्रश्नांना वजन येत नाही.

चालवायचे कसे, याचेही काही साधे नियम आहेत. मजकूर युनिकोडमध्येच असावा. श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाइप करून त्याचे चित्र चढवले तर शोधणाऱ्याला तो सापडत नाही. अंध वाचकाच्या यंत्रालाही तो वाचता येत नाही. प्रत्येक लेखावर लेखकाचे नाव आणि तारीख हवी. चूक निघाली तर मजकूर गुपचूप बदलू नये, खाली दुरुस्तीची नोंद करावी. अंक ठरल्या दिवशी निघावा. महिन्याला चार लेख जमत नसतील तर दोन द्यावेत, पण तारीख चुकवू नये. जुने अंक चढवताना लेखकाची किंवा वारसांची परवानगी घ्यावी, कारण आपल्या कायद्याने लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे त्याच्या लेखनावर स्वामित्व हक्क राहतो. सगळ्या मजकुराची एक प्रत वेगळ्या ठिकाणी असावी.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे किल्ली एकाच्याच खिशात नसावी. पासवर्ड एकाला माहीत, नाव नोंदले त्याच्याच नावावर आणि नूतनीकरणाची तारीखही त्याच्याच डोक्यात! तो आजारी पडला, रुसला किंवा परदेशी गेला की संपूर्ण अंक अंधारात. मस्जिदीच्या किल्ल्या दोघा-तिघांकडे ठेवण्याचे शहाणपण ज्या समाजाला आहे त्याला हे वेगळे शिकवायला नको. त्या दोघा-तिघांत एक तरी बाई असावी आणि एक तरी तिशीच्या आतले असावे. जमाखर्च वर्षातून एकदा वाचकांपुढे मांडावा, मग तो पाच हजारांचा का असेना.

'पण वाचतो कोण?' हा शेवटचा टोमणा. आज दोनशे वाचत असतील, चालेल. तरवडीच्या पत्राचे मोल त्या वेळच्या वर्गणीदारांच्या संख्येवरून आज कोणी करत नाही. ते इतकी वर्षे निघत राहिले म्हणून त्याचे मोल आहे. वीस वर्षांनी वाघोलीत वाढलेली एखादी मुलगी आपल्या वस्तीचा इतिहास शोधेल तेव्हा तिला आमची साक्ष मिळावी, एवढ्यासाठी हे काम आहे. तेव्हा ज्यांना नवा अंक काढायचा आहे त्यांना आमचे सांगणे आहे: प्रकाशन समारंभाचा मंडप तूर्त राहू द्या. आधी तीन अंकांचा मजकूर तयार करा, दोन माणसांना किल्ल्या द्या आणि तारीख ठरवा. ज्यांच्याकडे जुने अंक आहेत त्यांनी वाळवी लागायच्या आत ते बाहेर काढावेत.