अदृश्याचें माप

ताडोबाच्या आसपासच्या गांवांत राहणाऱ्या माणसास वाघ क्वचितच दिसतो. पण पाणवठ्याच्या ओल्या मातींत उमटलेलें त्याचें पाऊल पाहून तो सावध होतो. जें डोळ्यांस दिसत नाहीं तें नाहींच, असें जंगलांतला मनुष्य कधीं म्हणत नाहीं. आम्ही सुशिक्षित मात्र पुष्कळदां तसें मानून चालतों, याचा अनुभव गेल्या दिवाळींत आमच्याच घरीं आला.

माझ्या धाकट्या बंधूंची कन्या नागपुरास एका रुग्णालयाच्या हृदयविभागांत परिचारिका आहे. चंद्रपूर-गडचिरोलीकडील कितीतरी रोगी छातीची कळ घेऊन नागपूरच गांठतात. मनगटांतील किंवा जांघेंतील धमनींतून बारीक नळी हृदयापर्यंत न्यावयाची, तिची वाट क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहावयाची आणि तुंबलेली रक्तवाहिनी मोकळी करावयाची, असें तेथील काम. माझे बंधू स्वतः याच उपचारानें वांचले.

सामान आवरतांना मुलीच्या पिशवींतून एक चपटी पट्टी खालीं पडली. "हें काय ग?" मीं विचारलें.

"किरण मोजण्याचा बिल्ला, काका. रोज लावीत नाहीं मी. आकडा वाढला तर त्या खोलींतून काढतील. मग कामाला माणसें कोण?"

प्रगतिपुस्तक लपविणारीं मुलें मीं पुष्कळ पाहिलीं आहेत. तरी उपदेशापूर्वीं विषय समजून घेतला, तो वाचकांपुढें ठेवतों.

यंत्रांतील किरण रोग्याच्या देहावर पडून त्यांतील कांहीं चहूंकडे विखुरतात व शेजारीं उभे असलेल्यांच्या अंगावर येतात. रोगी एखाद्या वेळीं येतो. सेवक रोज उभे. राँटगेननें १८९५ सालीं हे किरण शोधले, आणि १९०४ सालींच एडिसनचा साहाय्यक क्लॅरेन्स डॅली त्यांच्यामुळें मरण पावला. अशा बळींचें स्मारक हँबुर्ग येथें १९३६ सालीं उभारलें गेलें.

आपल्याकडील या बिल्ल्यांत कॅल्शियम सल्फेटयुक्त तीन चकत्या असतात. किरणांची शक्ति त्यांत सांठते. पुढें चकती तापविली म्हणजे ती प्रकाशते, आणि त्या प्रकाशावरून मात्रा काढतात. भाभा अणुसंशोधन केंद्रानें ही पद्धत देशांत रूढ केली. रुग्णालयांतील बिल्ले दर तीन महिन्यांनीं तपासले जातात. निसर्गांतून मनुष्यास मिळणारी मात्रा जगाच्या सरासरीनें वर्षास सुमारें २.४ मिलिसीव्हर्ट. अशा सेवकांची मर्यादा पांच वर्षांच्या सरासरीनें वर्षास २०, आणि आपल्या देशांत कोणत्याहि एका वर्षांत ३०.

शितावरून भाताची परीक्षा होते. पण छातीवरच्या एका बिल्ल्यास हा स्थालीपुलाकन्याय पुरा पडत नाहीं. शिशाच्या झग्यानें छाती झांकते, डोळे व हात उघडे राहतात. नेत्रमण्यास मोतीबिंदूचें भय असल्यामुळें किरणसंरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय आयोगानें २०११ सालीं डोळ्याची मर्यादा वर्षास १५० वरून सरासरी २० वर आणण्याची शिफारस केली. म्हणून एक बिल्ला झग्याच्या आंत व दुसरा गळ्यापाशीं बाहेर लावणें चांगलें.

आकडा वाढला म्हणजे सेवकाचा अपराध झाला असें नव्हे. संरक्षक पडदा नीट ओढला होता काय, किरण विनाकारण चालू राहिले काय, सर्व पाळ्या एकीच्याच वांट्यास आल्या काय, हें त्या आकड्यामुळें विचारतां येतें. दोन पावलें मागें सरण्याचेंहि मोल कळतें. अंतर दुप्पट झालें कीं मात्रा सुमारें चतुर्थांश होते. लपविलेल्या आकड्यावरून मात्र कोणासच कांहीं सुधारतां येत नाहीं.

मीं मुलीस एवढेंच म्हटलें, "बाळ, बिल्ला पिशवींत ठेवलास म्हणून किरण थांबले नाहींत, त्यांची नोंद तेवढी थांबली. तुझ्या वडिलांची नळी जिनें हातीं दिली, तिचे डोळे आम्हांस तितकेच मोलाचे आहेत."

तेव्हां ती कांहीं बोलली नाहीं. पंधरा दिवसांनीं तिचा दूरध्वनि आला. बिल्ला आतां रोज अंगावर असतो, काम संपल्यावर किरणांपासून दूर, नेमलेल्या जागीं राहतो. आणि पाळ्या वांटून द्याव्यात असा अर्ज तिघींनीं मिळून केला आहे. अर्जाचें काय होतें तें पाहावयाचें.

ज्यांच्या घरची लेक, सून वा मुलगा असें काम करतो, त्यांनीं दिवाळीस पगार विचारण्यापूर्वीं बिल्ल्याचा आकडा विचारावा.