सरासरीत दडलेला अनुशेष

प्रादेशिक असमतोल म्हटला की विदर्भ व मराठवाडा डोळ्यांपुढे येतात. ते योग्यच आहे. परंतु १९८४ मध्ये अहवाल देणाऱ्या दांडेकर समितीने अनुशेष मोजताना जिल्हा हा घटक मानला, आणि जिल्ह्याच्या सरासरीत डोंगराळ भागाची उणीव दडून राहते. नाशिक जिल्हाच पाहावा. दिंडोरीच्या पूर्व भागात द्राक्षबागा बहरतात. पेठ, सुरगाण्याची आदिवासी कुटुंबे हंगामात तेथे मजुरीस उतरतात आणि मुलांची शाळा तुटते. सरासरी काढताना मात्र बागायतदार व मजूर एकाच पंक्तीत बसतात. दिंडोरीचा स्वतःचा पश्चिम पट्टाही आदिवासीच. तेव्हा तालुक्याची सरासरीही अपुरी ठरते. शिक्षण, आरोग्य व पिण्याचे पाणी यांचा अनुशेष गावगटवार मोजावा आणि निधीचे वाटप त्यावरच ठरावे.