अभ्यासाचा कंटाळा, की डोळ्यांचा ताण?

घटक चाचणीचे निकाल लागले, की आमच्या दवाखान्यात एक ठरावीक तक्रार सुरू होते. "डॉक्टर, पोरगं तसं हुशार आहे हो, पण पुस्तक हातात घेतलं की याचं डोकं दुखतं. क्रिकेट खेळताना बरं दुखत नाही!" एवढे बोलून वडील मुलाकडे पाहतात आणि मुलगा मान खाली घालतो. निवाडा घरीच झालेला असतो. डॉक्टरांनी फक्त शिक्का मारायचा असतो.

असा एक शिक्का मी स्वतः मारलेला आहे. ती चूक आज वाचकांसमोर कबूल करायची आहे, कारण तशी चूक आजही अनेक घरांत, शाळांत आणि आमच्यासारख्या दवाखान्यांत होत असते.

बऱ्याच वर्षांपूर्वी सातवीतला एक मुलगा माझ्याकडे आणला होता. संध्याकाळी कपाळ दुखायचे, वाचताना ओळ चुकायची, दहा मिनिटांत पुस्तक मिटायचा. मी त्याला वीस फुटांवरचा अक्षरांचा तक्ता वाचायला सांगितला. त्याने शेवटची ओळसुद्धा न अडखळता वाचली. मी वडिलांना म्हणालो, "डोळे उत्तम आहेत. जरा शिस्त लावा." जोडीला टॉनिकची बाटली लिहून दिली. सात-आठ महिन्यांनी त्याला नेत्रतज्ज्ञांनी पाहिले. थेंब टाकून, बाहुल्या मोठ्या करून तपासले, तेव्हा दोन्ही डोळ्यांना तीनच्या वर प्लसचा नंबर निघाला. चष्मा लागल्यावर तो दवाखान्यात आला आणि म्हणाला, "मला वाटायचं सगळ्यांनाच अक्षरं अशीच दिसतात." मधल्या काळात वडिलांनी 'शिस्त' लावली होती, म्हणजे काय केले असेल ते मी सांगायला नको. त्या माराचा अर्धा वाटा माझ्याकडे येतो.

दूरचे दिसते, मग जवळचे का नाही?

दूर पाहताना निरोगी डोळा विश्रांतीत असतो. जवळचे वाचताना मात्र त्याला दोन कामे एकदम करावी लागतात. आतले भिंग फुगवण्यासाठी भिंगाभोवतीचा स्नायू आवळावा लागतो आणि दोन्ही डोळे नाकाच्या दिशेने आत वळवून एकाच अक्षरावर धरावे लागतात. ज्याला प्लसचा नंबर आहे, त्याला भिंग दूरचे पाहतानाही थोडे फुगवावे लागते आणि वाचताना त्याहून जास्त. लहान मुलांच्या डोळ्यांत ताकद भरपूर असते, म्हणून तक्ता ती सहज वाचून दाखवतात. पाण्याने भरलेली बादली क्षणभर कोणीही उचलेल. तीच अर्धा तास धरून उभे राहा म्हटले, तर हात थरथरू लागतो. डोळ्यांचेही तसेच होते. तक्ता वाचणे हे बादली उचलणे आहे, धडा वाचणे हे ती धरून ठेवणे आहे. म्हणून केवळ दूरच्या तक्त्यावरून 'डोळे चांगले' म्हणणे चुकीचे आहे.

दुसरा दोष डोळे आत वळवण्याच्या शक्तीचा. ती कमी पडली, की अक्षरे पुसट होतात, एकावर एक चढतात, काहींना दोन-दोन दिसतात. अशी मुले नकळत एक डोळा मिटून किंवा हाताने झाकून वाचतात. त्याची ढोबळ परीक्षा घरी करता येते. पेन्सिलचे टोक मुलाच्या दोन्ही डोळ्यांच्या मधोमध हातभर अंतरावर धरा आणि सावकाश नाकाकडे आणा. टोक एकाचे दोन कधी दिसते ते त्याला सांगू द्या. नाकापासून चार-पाच बोटांच्या अंतरापर्यंत ते सहसा एकच दिसायला हवे. त्याच्या बरेच आधी दोन दिसू लागले, किंवा एक डोळा बाहेर सरकताना तुम्हाला दिसला, तर नेत्रतज्ज्ञांकडे जा. यावर व्यायाम आहेत. अमेरिकेत २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, तज्ज्ञाच्या देखरेखीखाली केलेल्या व्यायामांचा गुण नुसत्या घरगुती पेन्सिल-व्यायामापेक्षा अधिक आला.

तिसरे कारण अगदी साधे, पापणी न लवणे. एरवी मिनिटाला साधारण पंधरा वेळा लवणारी पापणी वाचनात आणि मोबाईलवर गुंग झाल्यावर निम्म्याहूनही कमी वेळा लवते. डोळा कोरडा पडतो, चुरचुरतो, मग पाणी येते. चाळिशीनंतर वर्तमानपत्र हातभर लांब धरावे लागते, तो भिंगाच्या वयाचा परिणाम. तिथे हट्ट न करता चष्मा लावावा. पोथी वाचताना डोळ्यांना धार लागते म्हणून वाचन सोडून देणाऱ्या आजी-आजोबांनी आधी नंबर आणि मोतीबिंदू तपासून घ्यावा.

अक्षरे नाचतात, हे खरे की बहाणा?

आता एक वेगळा प्रकार. काही जणांचा नंबर ठीक असतो, डोळे नीट आत वळतात, तरी छापील पान पाहून त्यांना त्रास होतो. ओळी थरथरतात, अक्षरांमधली पांढरी जागा चकाकते, पान डोळ्यांवर येते. न्यूझीलंडमधल्या शिक्षिका ऑलिव्ह मिअर्स यांनी १९८० साली आणि कॅलिफोर्नियातील मानसशास्त्रज्ञ हेलन आर्लेन यांनी त्यानंतर अशा वाचकांकडे लक्ष वेधले. ब्रिटिश संशोधक आर्नल्ड विल्किन्स यांनी त्याची जी मीमांसा केली, ती समजायला सोपी आहे. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा शर्ट जवळून पाहिला, की अनेकांच्या डोळ्यांपुढे झिरमिळ्या येतात. छापलेले पान म्हणजेही एका अर्थाने पट्टेच, एक काळी ओळ आणि एक पांढरी. काहींच्या मेंदूचा दृष्टीचा भाग अशा पट्ट्यांनी फार लवकर चाळवतो. अर्धशिशी असणाऱ्यांत हा त्रास अधिक आढळतो. तेव्हा मूल "अक्षरं हलतात" म्हणाले, तर त्याला बहाणा म्हणू नका.

पण म्हणून रंगीत काचांच्या महागड्या चष्म्यामागेही धावू नका. अशा काचांनी वाचन सुधारते, हा दावा चाचण्यांत टिकलेला नाही. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ आणि नेत्रतज्ज्ञ यांच्या संघटनांनी २००९ साली संयुक्त निवेदन काढून, वाचनदोषावर रंगीत काचांच्या उपचाराला शास्त्रीय आधार नाही, असे स्पष्ट सांगितले. निळा प्रकाश अडवणाऱ्या काचांची जाहिरात आज गल्लोगल्ली दिसते. पण २०२३ साली अनेक चाचण्या एकत्र पडताळून झालेल्या कॉक्रेन आढाव्यात, साध्या काचांपेक्षा त्यांनी डोळ्यांचा ताण कमी होतो असे दिसले नाही. माझे मत विचाराल, तर फिकट रंगाचा पारदर्शक कागद पानावर ठेवून एखाद्याला बरे वाटत असेल, तर खुशाल ठेवू द्या. दहा-वीस रुपयांचा तो कागद कोणाचे वाईट करत नाही. तपासणीऐवजी आणि शिकवण्याऐवजी तो आला, की मात्र नुकसान सुरू होते.

डोळ्यांचे काम आणि मेंदूचे काम

येथे एक गल्लत टाळली पाहिजे. 'तारे जमीन पर' हा चित्रपट २००७ साली आला आणि डिस्लेक्सिया हा शब्द घरोघरी पोहोचला. पण अनेकांचा समज झाला, की तो डोळ्यांचा आजार आहे. तसे नाही. अक्षर आणि त्याचा उच्चार यांची सांगड घालण्याची मेंदूची ती अडचण आहे. तिला चष्मा नाही आणि डोळ्यांचे व्यायामही नाहीत. त्या मुलाला अक्षर-ध्वनीची जोड पुन्हा पुन्हा, वेगळ्या पद्धतीने, धीराने शिकवावी लागते. आपल्या राज्याने १९९६ सालापासून अशा विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती दिल्या, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश झाला. एक साधी खूण सांगतो. पहिली दोन-तीन वाक्ये नीट वाचून मग जो अडखळू लागतो, त्याचे डोळे थकत असण्याचा संभव अधिक. पहिल्या शब्दापासूनच जो अडतो आणि मोठ्याने वाचून दाखवलेला धडा मात्र चटकन समजतो, त्याच्या वाचनदोषाची तपासणी करून घ्यावी. ही खूण म्हणजे निदान नव्हे. काही मुलांत दोन्ही गोष्टी असतात, म्हणून डोळे प्रत्येकाचे तपासावेत.

घरी काय करावे?

पुस्तक कोपरापासून मुठीपर्यंतच्या अंतरावर असावे. पडून, चालत्या एसटीत, तोंडाजवळ धरून वाचू नये. उजव्या हाताने लिहिणाऱ्याच्या डाव्या खांद्यावरून उजेड यावा. गुळगुळीत कागदावर दिवा चकाकत असेल, तर पुस्तक जरा तिरपे करावे. जुन्या चोकची ट्यूब लुकलुकत असेल, तर आधी ती बदला. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद दूर पाहावे, खिडकीतून समोरचे झाड दिसले तरी पुरे. पापण्या मुद्दाम लवाव्यात. ओळ चुकत असेल, तर जुन्या पोस्टकार्डात एक-दोन ओळी दिसतील एवढी खिडकी कापून ती पानावरून सरकवावी. आजूबाजूचे पट्टे झाकले जातात. डोळ्यांत मध, गुलाबपाणी, कांद्याचा रस किंवा शेजाऱ्याच्या बाटलीतले थेंब घालू नयेत.

हे सारे तपासणीनंतर, तपासणीऐवजी नव्हे. आणि सकाळी उठताच डोके दुखून उलटी होणे, अचानक एकाचे दोन दिसू लागणे, डोळा एकाएकी तिरळा होणे, पापणी खाली पडणे किंवा नजर अचानक कमी होणे, यांपैकी काहीही आढळले, तर घरगुती उपायांत एक दिवसही घालवू नका. ती मोठ्या आजाराची खूण असू शकते. त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

मुख्याध्यापकांना आणि पालकांना

शाळेत तपासणी होते, ही चांगली गोष्ट आहे. पण ती बहुतेक वेळा भिंतीवरच्या तक्त्याची असते. फळा न दिसणारे मूल त्यात सापडते, पुस्तक न सोसणारे सुटून जाते. त्यासाठी यंत्र लागत नाही. वर्गशिक्षकांनी मुलाला पाठ्यपुस्तकाचे एक पान वाचायला द्यावे आणि मग तीन प्रश्न विचारावेत. डोके किंवा डोळे दुखतात का? अक्षरे पुसट किंवा दोन दिसतात का? ओळ हरवते का? एकाचेही उत्तर 'हो' आले, तर पालकांना चिठ्ठी द्यावी. सरकारी रुग्णालयात डोळे तपासून मिळतात, आणि शाळकरी मुलांना मोफत चष्मे देण्याची तरतूद राष्ट्रीय कार्यक्रमात आहे.

पालकांना, विशेषतः मुलींच्या आई-वडिलांना, एक विनंती. "चष्मा लागला तर पुढे लग्नाला अडचण येईल," असे म्हणून तपासणी टाळणारी घरे मी आजही पाहतो. चष्मा नाकावर दिसतो, म्हणून लपवता येत नाही. पण चष्म्याअभावी अर्धवट राहिलेले शिक्षणही जन्मभर लपत नाही.

माझ्या त्या सातवीतल्या मुलाला आता स्वतःची मुले आहेत. गेल्या वर्षी तो धाकटीला घेऊन आला. तिची काहीच तक्रार नव्हती. "नीट वाचते, पण एकदा थेंब टाकून तपासायला कुठे पाठवू, ते सांगा," एवढेच विचारायला तो आला होता. त्याला मी तक्त्यासमोर उभे केले होते, त्याच जागी ती उभी होती. मी तक्ता वाचायला न सांगता चिठ्ठी लिहून दिली.

म्हणून पुढच्या वेळी मूल पुस्तक मिटून "डोकं दुखतं" म्हणाले, तर हात उगारण्याआधी त्याला एक प्रश्न विचारा. "तुला अक्षरं कशी दिसतात, सांग बरं?" मग त्याचे उत्तर मध्येच न तोडता पूर्ण ऐकून घ्या.